प्रत्येक पार्सलमागे तीन कप चहा

आमच्या एलर्टने कुरकुर करणं सोडलं नसतं, तर मी या जन्मात मदरबोर्ड नावाच्या वस्तूच्या वाटेला गेले नसते.

लोकांच्या नवऱ्यांना डोळे, कान, नाक असतं, तशी माझ्या नवऱ्याला कुरकुर होती. सकाळी पावापासून सुरुवात व्हायची. पाव कालचा आहे, वारा समोरून आहे, नवीन वेळापत्रक ज्याने केलं त्या गाढवाने आयुष्यात गाडी लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. एकतीस वर्षं तो इंजिन चालवत होता आणि एकतीस वर्षं मी हे ऐकत होते. ऐकता ऐकता बटाटे सोलून व्हायचे, मोजे विणून व्हायचे, कधीकधी एक डुलकीही व्हायची. मग गेल्या शरदात रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचा आलेख पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि सांगितलं, फिरा, बागेत खुरपा, मासे पकडा, पण इंजिनात पाऊल ठेवायचं नाही.

त्या दिवसापासून एलर्टला सगळं चालायला लागलं. "मासा जरा करपलाय रे." "चालेल." "वरच्यांनी त्यांची सायकल आपल्या जागेत लावलीय." "चालेल." एकदा मी मुद्दाम दोन दिवसांचा पाव पुढे ठेवला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला आणि ताटली धुऊन ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

स्टेशनाचा रस्ता त्याने टाकला होता. बाजारात जायचं तर कालव्याला वळसा घालून जायचा. बोर्कुम बेटावर आठवडाभर जायचं आमचं ठरलं होतं, पण बोटीपर्यंत रेल्वेने जावं लागतं, म्हणून तेही बारगळलं. त्या सुट्टीचे सातशे युरो कपाटात तसेच पडून होते. पैसे नुसते पडून राहिले की ते कुणाला तरी कुबुद्धी देतात. इथे ती माझा दीर ओन्नो याला झाली.

ओन्नो श्रवणयंत्रं विकतो. ज्यात ज्यात बॅटरी जाते त्या सगळ्यातलं आपल्याला कळतं, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

"गेशे," तो मला म्हणाला, "आगगाडी चालवायचा खेळ आलाय. अगदी नवा, या उन्हाळ्यातला. आणि त्यात आपलीच लाइन आहे! एम्स नदीवरचा पूल, कुरणं, गाई, सगळं. एलर्टला बसव त्याच्यापुढे."

"मग आण की."

"तुमच्या कॉम्प्युटरवर? त्याच्यावर पत्ते खेळता येतात हेच नशीब समज. याला दणकट मशीन लागतं. दुकानातलं घेशील तर दीड हजारात जाईल. सुटे भाग घेऊन घरी जोडलं की निम्म्यात काम."

"जोडणार कोण?"

"मी आहे ना!"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या लग्नात वाद्यवृंदाचे ध्वनिवर्धकही यानेच जोडले होते, आणि आम्ही पहिला वॉल्ट्झ पाहुण्यांच्या टाळ्यांवर नाचलो.

एलर्टला अचानक आनंदाचा धक्का द्यायचा, तर कळता कामा नये. पण तो दिवसभर घरात. पार्सलवाल्याने घंटी वाजवली की दार उघडणार तोच. म्हणून मी प्रत्येक ऑर्डरवर लिहिलं, 'शेजाऱ्यांकडे द्यावे.' यात विशेष काही नाही, इकडे सगळेच एकमेकांची पार्सलं घेतात. अडचण पुढे आहे. जर्मनीच्या टोकाला, आमच्या पूर्व फ्रिसलंडमध्ये शेजाऱ्याकडून पार्सल घेऊन दारातून परत फिरता येत नाही. आत यावं लागतं, बसावं लागतं, आणि चहाचे तीन कप घ्यावे लागतात. तळाशी खडीसाखर, वर सायीचा ढग, ढवळायचं नाही. तिसऱ्या कपानंतर चमचा कपात ठेवला तरच यजमान ओतायचं थांबवतो. त्याआधी उठणं म्हणजे त्याच्या आईबद्दल वाईट बोलण्यासारखं आहे. आणि तीन कपांच्या अवधीत माणूस नुसता कसा बसेल? तो सल्ला देतो.

पहिलं पार्सल खालच्या पोपिंगाबाईंकडे आलं. बाई नगरपालिकेत लग्नं लावायच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी जगाकडे त्या जोडप्यांच्याच हिशेबाने बघतात.

"काय आहे हो यात, फ्रेरिक्सबाई? एवढंसं?"

"प्रोसेसर आहे. म्हणजे मेंदू. सवलतीत मिळाला."

"आणि याला बसवणार कुठे?"

"मदरबोर्डवर. तोही सवलतीत मागवलाय."

बाईंनी दुसरा कप ओतला आणि माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. "दोघांची कागदपत्रं आधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत का? मी चाळीस वर्षं तेच करत होते. माणसं म्हणायची, अहो, प्रेम आहे. मी म्हणायची, असू दे, आधी कागद बघू."

मी मनात हसले. दोन दिवसांनी बोर्डही त्यांच्याकडेच आला आणि हसू मावळलं. आमचा मेंदू एका घराण्याचा, बोर्डवरची बैठक दुसऱ्या घराण्याची. ओन्नोने तो चारी बाजूंनी फिरवून, फुंकून, थोडा दाबूनही पाहिला.

"बोर्ड म्हणजे बोर्ड, असं मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"सोयरीक मोडा," पोपिंगाबाई म्हणाल्या. "लवकर मोडलेली बरी."

सोयरीक मोडायला आमच्या गावात गळ-जाळ्यांच्या दुकानात जावं लागतं, कारण टपालाची खिडकी हल्ली तिथेच आहे, जिवंत गांडुळांच्या शेजारी. दुकानदाराने परतीचं कारण विचारलं. मी म्हटलं, दोघं जुळत नाहीत. तो म्हणाला, कोण दोघं? मी समजावून सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "बाई, 'रंग आवडला नाही' असं टाकतो. त्याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही."

मागे रांगेत एक गृहस्थ उभे होते. मी नगरपालिकेत कुत्र्यांवरचा कर गोळा करते हे इथे सांगायला हवं, आणि या गृहस्थांच्या दोन कुत्र्यांपैकी एकच कुत्रा मला कागदावर भेटलेला आहे. ते मोठ्याने म्हणाले, "वा, वा! तुम्हालासुद्धा फॉर्म भरावे लागतात तर!" सगळी रांग हसली. गांडुळंही हसली असावीत. मी ताठ मानेने बाहेर पडले आणि पावती आतच विसरले.

दुसरा बोर्ड आला तो मेंदूशी जुळला. मग मेमरीच्या पट्ट्या आल्या, त्या बोर्डशी जुळेनात. बोर्डाला आधीच्या पिढीच्या हव्या होत्या, ओन्नोने नव्या पिढीच्या सुचवल्या होत्या, कारण नवं ते चांगलं. दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांना मधे एक खाच असते आणि ती जेमतेम नखभर सरकलेली असते. एवढ्याशा फरकासाठी मी पुन्हा गांडुळांकडे गेले. या वेळी दुकानदाराने मला न विचारताच 'रंग' असं टाकलं.

वीजपुरवठ्याचं खोकं वरच्या डुइस यांच्याकडे उतरलं. हबो डुइस हे समुद्राचे बांध तपासणारे निवृत्त अधिकारी. शिस्तीचे. जिन्यातली नियमावली त्यांनीच लिहिली आहे: दुपारी एक ते तीन शांतता, रविवारी दिवसभर शांतता, गालिचे फक्त शनिवारी झटकावेत. त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला आणि कप खाली ठेवला.

"हे किती भार घेणार?"

"ओन्नो म्हणतो, पुरेल."

"पुरेल!" डुइस उभे राहिले. "बाई, पुरेल एवढा बांध कोणी बांधतं का? बांध बांधायचा तो न आलेल्या वादळासाठी. परत करा. याच्या दीडपट आणा."

दीडपट आणलं. आणि ज्या दिवशी माणूस सुरक्षिततेवर खर्च करतो त्या दिवशी त्याला चैनीवर काटकसर सुचते, म्हणून हे सगळं ज्यात बसवायचं तो पत्र्याचा डबा जुना घ्यायचं ठरलं. डबा पाहायला डुइस स्वतः घडीची पट्टी घेऊन आले. लांबी, रुंदी, उंची मोजली, दोनदा. ग्राफिक्स कार्ड तोवर आलं होतं, त्याचीही लांबी मोजली. "आरामात बसतं," म्हणाले. बसलं नाही. त्यांनी डबा बाहेरून मोजला होता. आयुष्यभर बांधच मोजलेले. बांधाच्या आत जाऊन कोण मोजतं? कार्डाचं टोक आतल्या लोखंडी पिंजऱ्यावर बोटभर अडत होतं, आणि डबा परत घ्यायला विकणारा तयार नव्हता. कपाटात आता सातशेपैकी फक्त कपाटच उरलं होतं.

"पिंजरा कापू," डुइस पडलेल्या आवाजात म्हणाले. "करवत माझी."

दरम्यान घरात वेगळंच काहीतरी शिजत होतं आणि मला त्याचा वासही नव्हता. कार्यालयातून मी थेट घरी येत नव्हते. कधी खाली तीन कप, कधी वर तीन कप. एका शनिवारी दुपारी तर दोन्हीकडे पार्सलं होती. मी घरात शिरले तेव्हा माझ्या पोटात चहा हिंदकळत होता. एलर्टने टेबल मांडून ठेवलं होतं. किटलीवर टोपी, साय काढलेली, माझ्या कपात खडीसाखर. त्याने पहिला कप ओतला. साखर तडकली. मी एक घोट घेतला, आणि मला पुढे जाईना. मी चमचा कपात ठेवला.

पहिल्याच कपात! आमच्याकडे याला साधं 'नको' म्हणत नाहीत. माझी मावशी म्हणायची, नवऱ्याच्या पहिल्या कपात चमचा ठेवलास तर सामानही आवरून ठेव.

एलर्टने त्या चमच्याकडे पाहिलं. मग सायीचं भांडं नीट सरळ करून म्हणाला, "गेशे, गेले काही आठवडे तू उशिरा येतेस. कुठून तरी खुशीत येतेस. तुला दुसरं कोणी भेटलं असेल, तर सांग. माझ्यासारख्या माणसाबरोबर दिवसभर... मला समजतं. चालेल."

आधी मला काही कळेचना. मग कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"चालेल?" मी ओरडले. दुपारचे एक ते तीन चालू होते, पण ओरडले. "पाव शिळा असला तरी चालेल, सायकल लावली तरी चालेल, आणि बायको पळून गेली तरीही चालेल? एलर्ट फ्रेरिक्स, ऊठ!"

त्याच्या बाहीला धरून मी त्याला खाली तळघरात, धुण्याच्या खोलीत नेलं; सगळे भाग आम्ही तिथेच लपवले होते. तिथे दृश्य असं होतं: हबो डुइस गुडघ्यावर बसून शांततेच्या वेळेत करवत चालवत होते. आवाज झाकायला पोपिंगाबाईंनी कपडे पिळायचं यंत्र रिकामंच सुरू केलं होतं. ओन्नो विजेरी धरून उभा होता आणि ती भलतीकडेच धरली होती. आम्हाला पाहताच सगळे तसेच थिजले. यंत्र तेवढं थरथरत राहिलं.

"मोइन," डुइस यांनी नमस्कार केला. करवत त्यांनी पाठीमागे लपवली.

"हे काय आहे?" एलर्टने विचारलं.

"तुमचं इंजिन," पोपिंगाबाई म्हणाल्या. "अजून पूर्ण नाहीये."

मी सगळं सांगितलं. खेळ, सुट्टीचे पैसे, पार्सलं, गांडुळं. सांगता सांगता रडू फुटलं, आणि मी म्हटलं, "मला दुसरं कोणी नकोय रे. मला तो आधीचा हवाय. कटकट करणारा."

एलर्टने कापलेल्या पत्र्याच्या धारेवरून बोट फिरवलं. मग ओन्नोच्या हातातली विजेरी घेतली आणि योग्य जागी धरली.

संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत आलं. बटण दाबलं. पंखे फिरले, एक हिरवा दिवा लागला, पोपिंगाबाईंनी टाळी वाजवली. पडदा मात्र काळाकुट्ट. ओन्नो म्हणाला, पडदा गेला. डुइस म्हणाले, कुठेतरी पाणी मुरतंय. दोघांनी मिळून सगळं उसकटलं, पुन्हा जोडलं, दोन स्क्रू उरले, ते कुठले हे कोणालाच सांगता येईना. पुन्हा काळं. एलर्ट खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा म्हणणार, राहू द्या, चालेल. तो शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

मी डब्याच्या मागे जाऊन जमिनीवर बसले. कुत्र्यांच्या करात मी बावीस वर्षं काढली आहेत. त्यात निम्मे घोटाळे एकाच प्रकारचे असतात: कुत्र्याची नोंद एका घरी आणि कुत्रा राहतो दुसऱ्या घरी. आपण नोंदीच्या घरी जाऊन घंटी वाजवत बसतो आणि आत कोणी भुंकत नाही.

"ओन्नो, चित्र कोण काढतं?"

"ग्राफिक्स कार्ड."

"आणि पडद्याची वायर कुठे खोचलीय?"

"बोर्डात. भोक दिसलं तिथे."

मी वायर उपटली आणि खालच्या भोकात, कार्डात खोचली. खोली उजळली. त्या दोन कुत्रेवाल्या गृहस्थांनी मला त्या क्षणी पाहायला हवं होतं.

खेळ बसवेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, नियमावलीप्रमाणे दिवसभर शांततेचा, पण एवढ्यासाठी कोण थांबतं? दुपारी पोपिंगाबाईंनी केक आणला, आम्ही खुर्च्या एलर्टच्या मागे ओळीने लावल्या आणि प्रवासी होऊन बसलो. एलर्टने गादीची खुर्ची बाजूला सारून स्वयंपाकघरातली लाकडी घेतली. पाठ सरळ झाली. त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर काहीतरी शोधत होता, मग त्याला ब्रेकची कळ सापडली. गाडी सुटली. पूल आला, कुरणं आली, डुइस यांना एक बांध दिसला आणि त्यांनी तो तपासून पास केला. एलर्ट मात्र गप्प. मी त्याच्या मानेकडे बघत होते.

नॉर्डरमोरच्या अलीकडे सिग्नल लाल लागला. गाडी थांबली. एलर्ट पुढे झुकला.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

मी केकची ताटली खाली ठेवली.

"साफ चूक आहे! इथे सिग्नल नाही. सिग्नल वळणाच्या पलीकडे आहे, गोदामाच्या आड. कोणी केलाय हा खेळ? या माणसाने नॉर्डरमोर पाहिलंय तरी का? इथे सिग्नल असता तर आणखी काय हवं होतं! आणि ही गवताची उंची बघा. नोव्हेंबरात एवढं गवत? आणि गाईंची तोंडं वाऱ्याकडे! कोणती गाय वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते?"

"अहो, बनवणाऱ्यांनी पाहूनच केलं असेल," डुइस म्हणाले.

ते बोलायला नको होतं, किंवा देवानेच त्यांच्याकडून ते वदवलं. एलर्ट उभा राहिला. "पाहून? मी एकतीस वर्षं पाहतोय! गेशे, कोट घाल. दाखवतोच."

"आमचं काय?" पोपिंगाबाईंनी विचारलं. "गाडी मध्येच उभी आहे."

"बसा," एलर्ट म्हणाला. "सिग्नल लाल आहे."

आम्ही स्टेशनावर गेलो. सरळ रस्त्याने. वर्षभर वळसा घालणारा माणूस माझ्यापुढे तरातरा चालला होता आणि वाटेत फरसबंदीला नावं ठेवत होता. तिकिटाचं यंत्र त्याने जन्मात वापरलं नव्हतं. त्यावरही भरपूर झालं: अक्षरं बारीक, प्रश्न फार, आणि सायकल आहे का हे याला कशाला पाहिजे? गाडीत तो खिडकीला नाक लावून बसला. पहिल्यांदाच प्रवासी होऊन, बाजूला बघत. उजेड उतरत आला होता, कुरणांवर धुकं चढत होतं.

"आता बघ," तो म्हणाला. "वळण. आणि मग गोदाम. आणि मग..."

सिग्नल वळणाच्या अलीकडेच होता. नवाकोरा खांब, धुक्यातही लांबून लखलखीत. गोदामाच्या आड काही नव्हतं. खेळच बरोबर होता.

आम्ही नॉर्डरमोरला उतरलो. फलाटावर दुसरं कोणी नव्हतं. एलर्ट त्या खांबाकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्या ओठांकडे. येणार, मला वाटलं, तो शब्द आता येणार.

"हलवला," तो हळूच म्हणाला. "गेशे, त्यांनी तो हलवला. धुक्यात दिसायचाच नाही. अकरा वर्षं मी रेल्वेच्या साहेबांच्या मागे लागलो होतो, हलवा, हलवा. ते म्हणायचे, एलर्टची नेहमीची कटकट."

परतीची गाडी आली. इंजिनाची खिडकी खाली झाली आणि एका बाईने डोकं बाहेर काढलं. फेन्ना. हिला मी ओळखत होते, पूर्वी तिच्या आणि एलर्टच्या पाळ्या एकमेकांना लागून असायच्या.

"मोइन, एलर्ट! आलास होय शेवटी बघायला? वसंतात बसवला. आम्ही सगळे त्याला 'एलर्ट'च म्हणतो. रोज सकाळी कंट्रोलला सांगते, 'एलर्ट हिरवा आहे, निघाले.'"

एलर्टने टोपी काढली, पुन्हा घातली. खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हातभर डावीकडे हवा होता," तो म्हणाला.

"मग सांग की त्यांना!"

"सांगणारच आहे."

आणि तो सांगायला लागला. गाडीत चढलो तरी चालूच होतं. खांबाची उंची, दिव्याचा कोन, पाया घालणाऱ्याची अक्कल, डब्यातली थंडी, सीटचं कापड. मी एक शब्द धडपणे ऐकला नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवून हुंदके देत होते आणि हसतही होते. त्याने बोलता बोलता खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"आणि हा रुमाल," तो म्हणाला, "हा अशी घडी घालून कोणी इस्त्री करतं का?"